बारीच्या गल्लीतले नखुले

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई, दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात आठ दिवस राहून आलो. आई पूर्ण शाकाहारी असल्यामुळे निघताना बॅगेत खाकरे, मेतकूट आणि लसणाची चटणी इतकी भरली होती की कपड्यांना जेमतेम जागा उरली.

बारी या बंदराच्या शहरात जुन्या वस्तीचा भाग अगदी समुद्राला लागून आहे. संत निकोलसच्या अस्थी 1087 मध्ये इथे आणल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी बांधलेले चर्च पाहायला लोक लांबून येतात. आम्हीही ते पाहिले, पण आईचे पाय थबकले ते आर्को बास्सो नावाच्या कमानीजवळच्या गल्लीत. तिथे बायका दाराबाहेर टेबल मांडून ‘ओरेक्किएत्ते’, म्हणजे छोट्या कानांच्या आकाराचा पास्ता, वळत बसलेल्या असतात. ड्युरम गव्हाचे रवाळ पीठ आणि पाणी, एवढेच साहित्य. अंडे अजिबात नाही. पिठाची बोटभर जाडीची वळी करायची, तिचे बोराएवढे तुकडे पाडायचे, बोथट सुरीने एकेक तुकडा पाटावर दाबत ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. शेजारी लाकडी चौकटीच्या जाळीवर हे कान वाळत पडलेले.

“अगं, हे तर आपले नखुले!” आई म्हणाली. तिच्या लग्नाच्या रुखवतात गव्हले, नखुले आणि मालत्या आजीने घरी वळून ठेवल्या होत्या. तिची नजर पाहून टेबलामागच्या आजीबाईंनी काही न बोलता सुरी तिच्या हातात दिली. पहिले दोन कान चपटे झाले, तिसरा फाटला, चौथा मात्र आजीबाईंनी उचलून सरळ जाळीवर ठेवला. एकीला मराठीखेरीज काही येत नव्हते आणि दुसरीला इटालियनखेरीज, तरी पाऊण तास दोघींचे व्यवस्थित चालले होते. आम्ही अर्धा किलो विकत घेतले.

खाण्यापिण्याची फजिती मात्र पहिल्याच दिवशी झाली. दुपारी तीननंतर स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत उघडत नाहीत, हे मी वाचूनही विसरले होते, त्यामुळे साडेतीन वाजता आम्ही ताराल्ली चघळत बसलो. ही कडबोळ्यांची बहीण, फक्त तळण्याऐवजी आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेली. रात्री ‘चीमे दी रापा’ या कडसर पालेभाजीतले ओरेक्किएत्ते मागवले, तर भाजीत विरघळलेली आन्चोवी मासळी निघाली. हा पदार्थ असाच करतात, चूक न विचारणाऱ्या माझीच. आईसाठी मग ‘फावे ए चिकोरिया’ आले: वाळवलेल्या बाकल्याच्या डाळीचे मऊसूत घोटलेले पिठले आणि त्यावर उकडलेला कडू पाला, वरून ऑलिव्ह तेलाची धार. तिने दोन वेळा वाढून घेतले. हे एकेकाळचे गरिबांचे जेवण आता हॉटेलात ऐटीत वाढले जाते, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “मग पिठलं-भाकरीचं काय झालंय आपल्याकडे?”

बारीहून लहान रुळांच्या गाडीने आम्ही शेजारच्या बासिलिकाता प्रांतातल्या मातेराला गेलो. दरडीत कोरलेल्या तिथल्या ‘सास्सी’ वस्त्यांमध्ये माणसे आणि जनावरे एकाच गुहेत राहत. 1952 च्या कायद्याने ती घरे रिकामी करायला सुरुवात झाली आणि 1993 मध्ये त्याच वस्त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पायऱ्यांनी आईचे गुडघे बोलू लागले, म्हणून आम्ही एका दुकानात टेकलो. तिथे लाकडी शिक्के मांडले होते. पूर्वी सगळ्या घरांची कणीक सार्वजनिक भट्टीवर भाजायला जाई आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक घर त्यावर आपला शिक्का उठवत असे. दिवाळीत बेकरीत नानकटाई भाजायला नेताना आम्ही पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवायचो, ते मी लेकीला सांगितले. तिने कोंबड्याचे चित्र असलेला एक शिक्का घ्यायला लावला.

तिथेच तळलेल्या सुक्या लाल मिरच्या, ‘पेपेरोनी क्रुस्की’, खाल्ल्या. सांडग्या मिरचीइतक्या कुरकुरीत, पण तिखट मुळीच नाहीत. नवऱ्याला हा धडधडीत अन्याय वाटला. परतीच्या वाटेवर अल्तामुराला उतरून ड्युरम गव्हाचा, पिवळसर गाभ्याचा, जाड सालीचा मोठा पाव घेतला. तो चार दिवस पुरला. शेवटचा तुकडा आईने बारीच्या विमानतळावर लसणाच्या चटणीशी संपवला.