त्याच्या यादीत निकोटिन नव्हतं

सिगारेट सोडायला आलेल्या माणसाला मी पहिल्याच भेटीत एक कोरा कागद देते. एका बाजूला सिगारेटमुळे काय जातं ते लिहायचं, दुसऱ्या बाजूला काय मिळतं ते. 'जातं' ही बाजू सगळे भराभर भरतात, पाकिटावरचे इशारे वाचून वाचून ती पाठच झालेली असते. 'मिळतं' या बाजूला मात्र लोक अडखळतात. 'टेन्शन कमी होतं', 'सकाळी पोट साफ होतं', 'जेवणानंतर बरं वाटतं' एवढं लिहून पेन खाली ठेवतात. माझं काम खरं तर याच बाजूवर चालतं, कारण उद्यापासून माणसाला मुकायचं असतं ते इथे लिहिलेल्या गोष्टींना.

ज्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, त्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. चाळिशीला टेकलेला, मोठ्या कंपनीत मधल्या फळीत काम करणारा माणूस. 'जातं' या बाजूला त्याने खोकला, पैसे आणि कपड्यांचा वास एवढंच लिहिलं. मग दुसरी बाजू काठोकाठ भरली आणि आणखी एक कागद मागितला. वर मथळा दिला होता : 'सिगारेट ओढण्याचे सामाजिक लाभ : एक संक्षिप्त मार्गदर्शिका'. त्याखाली बारीक अक्षरात : 'न ओढणाऱ्या समस्त अभाग्यांना सहानुभूतीपूर्वक अर्पण'.

लिहिलं होतं उपहासानेच. कंपनीत काय शिजतंय ते ई-मेलच्या दोन आठवडे आधी कळतं. मोठ्या साहेबांना भेटायला वेळ घ्यावी लागत नाही, लायटर मागितला की झालं. नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी चार माणसं नावाने हाक मारू लागतात. कंटाळवाण्या कार्यक्रमातून उठून जायला सर्वमान्य कारण मिळतं. ज्याच्याशी सकाळी मीटिंगमध्ये वाजलं, त्याच्याच काडीवर दुपारी आपली सिगारेट पेटते आणि माफी मागावी लागत नाही. हात कुठे ठेवावेत हा प्रश्न कायमचा सुटतो. आणि शेवटचा लाभ : 'एकटं उभं राहता येतं. हातात सिगारेट नसलेला माणूस एकटा उभा असला की लोक विचारतात, काय झालं? सिगारेट असली की कोणी विचारत नाही.'

आमच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना ती यादी फार आवडली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, आणखी दोघांना दाखवला, सगळे मनसोक्त हसले. मला राग आला. ज्या कागदावर माणूस आपली अडचण इतकी नेमकी मांडून देतो तो विनोद म्हणून फिरवायचा आणि त्याच माणसाला 'इच्छाशक्ती वाढवा' असं सांगून घरी पाठवायचं, ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड आहे. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात खोटं काही सापडलं नाही. निकोटिनचा मात्र उल्लेखही नव्हता.

त्याच्या बाकीच्या तपासणीतूनही तेच निघत होतं. निकोटिनवरचं अवलंबित्व मोजायला आम्ही फागरस्ट्रॉमची प्रश्नावली वापरतो. सहा प्रश्न, 10 पैकी गुण. त्यात सर्वांत बोलका प्रश्न, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत असेल तर थेट 3 गुण. हा माणूस घरून निघून ऑफिसात पोचेपर्यंत ओढायचाच नाही. एकूण गुण 2. कामाच्या दिवशी बारा-तेरा सिगारेटी, सुट्टीच्या दिवशी एखादी, कधी तीही नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे ज्याचं शरीर त्यात पुरतं अडकलंय त्याला रविवार पाळता येत नाही. हा पाळत होता. याची तल्लफ ऑफिसच्या गच्चीवर राहत होती.

पहिल्या भेटीत त्याला आम्ही सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. ब्रिटिश डॉक्टरांचा 1951 पासून 50 वर्षं पाठपुरावा केलेला रिचर्ड डॉल यांचा अभ्यास आहे, त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. आयुष्यभर ओढत राहिलेल्यांचं आयुष्य सरासरी 10 वर्षांनी कमी झालं, आणि चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे 9 वर्षं परत मिळाली. याहून मोठं आमिष माझ्याजवळ नाही. तो नीट ऐकून म्हणाला, "मॅडम, ती नऊ वर्षं शेवटी मिळणार. गच्ची आज दुपारी तीनला आहे."

तरी त्याने सोडायची तारीख ठरवली आणि पाळली. 2 मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम दिलं. याबद्दल जरा लिहिते, कारण चांगलं औषध वाईट सूचनेमुळे कसं वाया जातं ते मी रोज पाहते. नाव च्युइंगम असलं तरी ते सतत चघळायचं नसतं. हळूहळू चावायचं, जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चघळून थुंकी गिळली की ते पोटात जातं, यकृतात बरंचसं निकामी होतं आणि उरतात उचक्या नि जळजळ. आंबट पेय किंवा कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर शोषणच नीट होत नाही. 'तलफ आली की चघळा' एवढं सांगून चिठ्ठी हातात दिलेले कितीतरी जण माझ्याकडे येऊन म्हणतात, ते च्युइंगम बोगस आहे. बोगस ती सूचना असते. ही सूचना द्यायला चार मिनिटं लागतात आणि तेवढी चार मिनिटं चिठ्ठी लिहिणाऱ्यांना नसतात.

याने सगळं तंतोतंत केलं. सिगारेटच्या धुरातून शरीरात जाणारा विषारी वायू, म्हणजे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, मोजायचं आमचं छोटं यंत्र आहे. पंधरा सेकंद श्वास रोखून मग सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचं. पहिल्या दिवशी दुपारी त्याचा आकडा 19 आला होता. तिसऱ्या भेटीत 2. साधारण 6 च्या आत असला की न ओढणाऱ्याचा आकडा धरतात. यंत्र फक्त गेल्या दिवसभराचीच साक्ष देतं, महिन्याची नाही, पण त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास होता. मी यंत्र त्याच्याकडे वळवून आकडा दाखवला. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "फुप्फुसं तुमच्याकडे सुधारली, मॅडम. नोकरी माझ्याकडे बिघडली."

त्याच्या विभागाची फेररचना झाली होती. कोण कोणाच्या हाताखाली जाणार, कोणतं काम कोणाकडे, हे सगळं गच्चीवर ठरलं. गुपचूप नव्हे, कटही नव्हता. साहेब ओढता ओढता मोठ्याने विचार करतात, समोर जे उभे असतात ते मत देतात, आणि खाली येईपर्यंत ठरून गेलेलं असतं. याला ते सर्वांबरोबर ई-मेलने कळलं. त्याने तीन वर्षं उभं केलेलं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. साहेबांना विचारलं तर ते मनापासून म्हणाले, "अरे, तू हल्ली दिसतच नाहीस."

आमच्या नोंदवहीत अशा भेटीसाठी रकाने आहेत : श्वासाचा आकडा, वजन, झोप, चिडचिड, औषधाचा त्रास, एखादी ओढली का. सिगारेट सोडून काय गमावलं याला रकाना नाही. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, ते मोजता येत नाही. चिडचिड तरी कुठे मोजता येते? तिला आम्ही 'कमी, मध्यम, जास्त' असे गुण देतोच ना.

त्या दिवशी त्याने सरळ विचारलं, न ओढता गच्चीवर जाऊन उभा राहिलो तर चालेल का? नियम पाठ आहे. सुरुवातीचे आठवडे ओढणाऱ्यांच्या घोळक्यापासून लांब राहा, कारण बहुतेक जण घसरतात ते तिथेच, आणि एका झुरक्याने. नियम बरोबर आहे. पण तो सांगितला तर यादीतले सातही लाभ मीच त्याच्याकडून काढून घेत होते आणि बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून आधी सराव करून पाहू म्हटलं.

आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. मी त्याची सहकारी झाले. दोन वाक्यं ऑफिसचं बोलले आणि हातातलं पेन पाकिटातून सिगारेट पुढे करावी तसं पुढे केलं. 'नको, सोडली' हे वाक्य ठरलेलं होतं. ते त्याने म्हटलंही. पण म्हणता म्हणता त्याची दोन बोटं पुढे आली, मान खाली वाकली आणि डाव्या हाताचा तळवा नसलेल्या ज्योतीभोवती आडोसा धरून उभा राहिला. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा करूया." आम्ही ते हात सुटेपर्यंत केलं. शेवटी डाव्या हातात पाण्याची बाटली आणि उजवा खिशात ठेवल्यावर मान वाकायची थांबली.

त्या रात्री मी 2008 चा ख्रिस्टाकिस आणि फाउलर यांचा शोधनिबंध पुन्हा काढून वाचला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी चाललेल्या हृदयविकार अभ्यासातल्या 12,067 माणसांच्या नात्या-ओळखींचं जाळं त्यांनी 1971 ते 2003 या काळात तपासलं होतं. माणसं एकेकटी सोडत नाहीत, घोळकेच्या घोळके सोडतात. मित्राने सोडली तर आपण ओढत असण्याची शक्यता 36 टक्क्यांनी घटते, लहान कचेरीत सहकाऱ्याने सोडली तर 34 टक्क्यांनी, जोडीदाराने सोडली तर 67 टक्क्यांनी. आणखी एक गोष्ट त्यात आहे : ओढत राहिलेले लोक काळाबरोबर त्या जाळ्याच्या कडेला फेकले गेले. माझ्या माणसाच्या कंपनीत मात्र साहेबच त्या कडेला उभे आहेत, त्यामुळे सगळं तिथूनच चालतं.

आत ओढायला बंदी आली हे उत्तमच झालं. 29 मार्च 2004 ला आयर्लंडने देशभरातल्या कामाच्या जागा, बार आणि खाणावळींसकट, धूरमुक्त केल्या, तेव्हापासून अनेक देशांनी तो रस्ता धरला आणि न ओढणाऱ्यांची फुप्फुसं वाचली. पण ओढणारे दिवसातून पाच-सहा वेळा एकत्र बाहेर पडून उभे राहू लागले आणि हुद्द्यांची उतरंड विसरून बोलू लागले, तसा उभा राहायचा हक्क बाकीच्यांना कोणी दिला नाही. न ओढणारी बाई तीन वाजता दहा मिनिटं गच्चीवर जाऊन उभी राहिली तर तिला कामचुकार म्हणतील. व्यवस्थापकांनी आपले निर्णय कुठे होतात याकडे एकदा डोळे उघडून पाहावं. भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध' लावायचं आणि बढत्या गच्चीवर वाटायच्या, हा न ओढणाऱ्यांवरचा अन्याय आहे आणि सोडू पाहणाऱ्याच्या पायात घातलेली बेडी आहे.

ही ओढ आपोआप तयार झालेली नाही, हेही त्याला सांगितलं. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क सल्लागाराने तरुणींना सिगारेट पेटवून चालायला लावलं आणि तिला स्वातंत्र्याची मशाल म्हणवून घेतलं. पैसा तंबाखू कंपनीचा होता. सोबत, बरोबरी, बंड, जे जे माणसाला हवं असतं ते ते पाकिटाला चिकटवून विकलं गेलं. तो म्हणाला, "विकलं असेल, पण मला माल मिळाला ना." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही विचार करते आहे. सोबत खरीच असते, ती खोटी आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगू? सोबतीसाठी धूर घ्यावा लागतो ही अट खोटी आहे, पण ती अट मोडायला त्याच्या गच्चीवरचं आणखी कोणीतरी लागेल.

म्हणून शोधनिबंधातलं त्याला सोप्या शब्दांत समजावलं आणि विचारलं, त्या घोळक्यात आणखी कोणाला सोडायची आहे का? तो हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, साहेबांना गेल्या वर्षी डॉक्टरांनी दम दिलाय. गच्चीवर तो सध्या आठवड्यातून दोनदा जातो, बाटली घेऊन, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला. हे लवकर होतंय असं माझं मत आहे आणि ते मी त्याला सांगितलं. त्याचं मत वेगळं आहे. दोन्ही मतं मी नोंदवहीच्या समासात लिहिली आहेत.

पुढच्या भेटीला साहेबांना घेऊन येतो म्हणाला आहे. साहेब येतील असं मला फारसं वाटत नाही. तरी मी ती वेळ दुप्पट राखून ठेवली आहे, आणि एकाच नावावर दोन जागा कशा अडवल्या म्हणून काउंटरवरून झालेली कटकट ऐकून घेतली आहे.