बाबांच्या झांजेचा पुरावा

आमच्या सिंधुदुर्गात जत्रेचं पत्रक छापतात त्यावर देवीचं नाव असतं, पालखीची वेळ असते आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असते: रात्री अमुक कंपनीचा दशावतारी नाट्यप्रयोग. राजा कोण, राक्षस कोण, स्त्री पार्ट कोणाचा, हे छापायची गरजच पडत नाही, बघायला येणाऱ्यांना ते पाठ असतं. संयुक्त दशावतार असला, म्हणजे दोन-चार कंपन्यांचे गाजलेले नट एका रात्री एकत्र येणार असले, की मात्र नावं येतात. आधी नट, मग बारीक अक्षरात हार्मोनियम, पखवाज. झांजेपर्यंत येईतो कागद संपलेला असतो.

माझे बाबा झांज वाजवतात. 1987 सालापासून.

2024 च्या जूनमध्ये आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी कलावंत मानधनाची माहिती टाकली. ही योजना जुनीच आहे. पूर्वी तिच्यात अ, ब, क असे वर्ग होते आणि आमच्यासारख्या गावपातळीवरच्या कलाकाराला क वर्गात महिन्याला 2250 रुपये मिळायचे. मार्च 2024 च्या निर्णयाने तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं, वर्ग काढून टाकले आणि 1 एप्रिलपासून सगळ्यांना सरसकट 5000 केले. वय पन्नासच्या वर, कलेत किमान पंधरा वर्षं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 60,000 च्या आत. एका जिल्ह्यातून वर्षाला शंभर जण घेतात. बाबा एकसष्टचे. मी अंगणवाडी सेविका, माझा अर्धा जन्म रजिस्टरं भरण्यात गेलाय. म्हटलं, आठ दिवसांचं काम.

पहिला आठवडा तर जन्मतारखेतच गेला. शाळेच्या दाखल्यावर 1 जून (त्या पिढीतला अख्खा वर्ग 1 जूनलाच जन्मलाय), आधारवर 1 जानेवारी. नावात एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, एका ठिकाणी नुसतं अक्षर. आधार दुरुस्त केलं, बँकेला जोडलेलं आहे की नाही ते बघितलं. हे मी कोणालाही पहिलं करायला सांगते, कारण पैसे आधारच्याच वाटेने येतात. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून तहसीलला जाऊन आला. भाऊ गोव्याला कामाला असतो, त्याचं रेशनकार्ड लग्नानंतर वेगळं झालं होतं म्हणून निभावलं.

मग पती-पत्नीचा एकत्र फोटो. तो लागतो, कारण कलाकार गेला तर मानधन पुढे जोडीदाराला चालू राहतं. आई म्हणाली, "माझो फोटो कित्याक? मी खय नाचलंय?" शेवटी बाजारातल्या स्टुडिओत नेली. फोटोग्राफर म्हणाला, काकी जरा हसा. आई हसली नाही, बाबा हसले. त्यांच्या लग्नात फोटो काढलेच नव्हते, त्यामुळे सरकारी अर्जासाठी काढलेला हा त्यांचा जोडीने पहिला फोटो. त्याची मोठी प्रत आता ओटीवर आहे.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. अडलं ते पुढच्या रकान्यात: कलाप्रकार आणि कलाक्षेत्रातल्या कार्याचे पुरावे.

तालुक्याच्या कार्यालयातल्या टेबलावरच्या माणसाने फाइल चाळली आणि विचारलं, "दशावतारात काय करतात? पार्ट कुठला?"

मी सांगितलं, झांज.

"म्हणजे साथीला. कलाकार म्हणून काय?"

तो काही उर्मट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर शंभर जागांना कितीतरी अर्ज येत असणार. त्यानेच वर मला सुचवलं की नट लिहा, राक्षस पार्ट म्हणा, कंपनीवाला देईलच की पत्र लिहून. सोपं आहे. खरं सांगते, मला पटलं होतं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं तर त्यांनी ताटावरून मान वर केली. "मी कधी तोंडाक रंग लावलंय? नट म्हणान माका लिव नको."

"पण बाबा, फरक काय पडतो?"

"नटाक इचार."

दशावतार ज्यांनी रात्रभर बसून पाहिलाय त्यांना हे उत्तर समजेल. इतरांसाठी थोडं सांगते. या नाटकाला संहिता नसते. संध्याकाळी कंपनी गावात आल्यावर आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोणी कोणता पार्ट घ्यायचा ते ठरतं, आणि बाकी सगळं बाकड्यासमोर उभं राहून जागच्या जागी बोलायचं. हो, एक बाकडंच असतं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच इंद्राचा दरबार. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, संकासुर असा आडदशावतार, मग आख्यान, आणि उजाडताना दहीकाला. आमच्याकडे नाटकालाच धयकालो म्हणतात ते यावरूनच. या सगळ्यात पेटी, मृदंग आणि झांज ही तीनच वाद्यं. राक्षस आत आरोळी ठोकतो तिथपासून तो बाकड्यावर पाय देईपर्यंत झांज चढत जायला हवी आणि पाय टेकला की त्याच क्षणी तुटायला हवी. अर्धा ठोका पुढे गेला तर नटाचा पहिला शब्द त्याच्याखाली मरतो. आणि नट कधी थांबणार ते नटालाही माहीत नसतं. बाबा मला लहानपणी सांगायचे, तोंडाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं. मी त्यांच्या मांडीजवळ बसून कित्येक राजे, कित्येक राक्षस नुसते गुडघ्याखालीच पाहिलेत.

तर, झांजवादक असंच लिहायचं ठरलं. आता पुरावा.

देवस्थानाने पत्र दिलं, पण ते कंपनीच्या नावाने. मानकरी म्हणाले, आम्ही नारळ आणि विडा कंपनीच्या मालकाच्या हातात देतो, आमच्या वहीत त्याचंच नाव. बरोबरच होतं. मग मी यूट्यूबवर शोधलं. हल्ली जत्रेत पोरं मोबाइल लावून आख्खं नाटक चढवतात. बाबांच्या कंपनीची अकरा नाटकं सापडली. एका अडीच तासांच्या व्हिडिओत बाबा तीन वेळा दिसतात, त्यातही दोन वेळा नुसतं कोपर. आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळे व्हिडिओ 2016 च्या पुढचे, म्हणजे पंधरा वर्षं काही भरत नव्हती. संयुक्त प्रयोगाची दोन हँडबिलं मिळाली, एकावर बाबांचं आडनाव चुकलेलं.

शेवटी कंपनीच्या मालकांकडे गेले. मालक थकलेत, आता मुलगाच कंपनी चालवतो. श्रावणाचे दिवस, पेटारे माडीवर बंद, मुकुटांवर फडकी टाकलेली. त्यांनी लगेच पत्र दिलं, सही-शिक्क्यानिशी, 1987 पासून अखंड. "तुझ्या बापाशीन एक पण जत्रा चुकवक नाय," म्हणाले. पण पत्र आजच्या तारखेचं. मी विचारलं, जुनं काही? तेव्हा मुलगा आत जाऊन लाल कापडी बांधणीच्या वह्या घेऊन आला.

कंपनीचा हिशेब. दर रात्रीची नाईट, म्हणजे बिदागी, कोणाला किती, आणि पावसाळ्यातली उचल. दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो, पुढचे महिने शेतीवर. भाताची लावणी आणि चतुर्थी यांच्या मधल्या दिवसांत हात रिकामे असतात. तेव्हा कलाकार मालकाकडून उचल घेतो आणि हंगामात नाईटमधून फेडतो. वहीत दरवर्षी तेच: झांज, बाबांचं नाव, रक्कम, कारण, सही. 1994, कौलं, 400. 1999, चतुर्थी, 500. 2003, बैल, 2000. 2006, मुलीचं लग्न, 5000. त्या ओळीवर मी जास्त थांबले नाही, मालकांचा मुलगा समोर होता.

पंधरा काय, तीस वर्षांचा पुरावा होता तो. एका वर्षीही "झांज" हा शब्द चुकला नव्हता.

बाबांना सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सरकाराक माझी उचल कित्याक दाखवतंस? लोक काय म्हणतले, बक्षिसा नाय, देणी घेवन इलो." मी खूप समजावलं. शेवटी आईने निकाल लावला. ती म्हणाली, घेतलेली उचल लपवायची असती तर सही कशाला केली. मालकांच्या मुलाने निवडून बारा पानं झेरॉक्स करून प्रत्येकावर शिक्का मारून दिला. इतर कलाकारांच्या ओळी कागदाची पट्टी ठेवून झाकल्या. ते मात्र त्याचं त्याला सुचलं, मला नाही.

ऑनलाइन अर्ज भरायला तीन रात्री गेल्या. आमच्याकडे पावसात नेट म्हणजे नशीब. फाइली ठरलेल्या आकारापेक्षा मोठ्या असल्या की चढत नाहीत, म्हणून पानं पुन्हा पुन्हा बारीक केली आणि मग अक्षरच वाचता येईना. सेतूतल्या मुलीने शेवटी नीट स्कॅन करून दिलं. टेबलावरच्या त्याच माणसाने वहीची पानं बघितली, 2003 च्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "बैल 2000 ला मिळायचा तेव्हा?" आणि फाइल पुढे पाठवली.

मग सहा महिने काहीच नाही. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा झाली, कुणकेश्वरची शिवरात्र झाली, बाबा रात्री वाजवत होते, दिवसा झोपत होते, आणि मी विचारायला गेले की समितीची बैठक व्हायची आहे एवढंच कळायचं. या काळात करण्यासारखं काही नसतं. पोचपावती जपून ठेवायची, बस्स.

समितीसमोर बोलावलं तेव्हा शिमगा तोंडावर आला होता. बाहेरच्या बाकांवर भजनी बुवा होते, एक कीर्तनकार बाई, गोंधळी, दशावतारात स्त्री पार्ट करणारे दोन जुने नट, त्यांतल्या एकाची बसायची ढब अजून पदर सावरल्यासारखी. सगळे एकमेकांना ओळखत होते. कोणी कोणाचा प्रतिस्पर्धी आहे असं वाटतच नव्हतं. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून मात्र जोरदार वाद झाला.

आत बाबांना सांगितलं, वाजवून दाखवा. बाबांनी पिशवीतून झांज काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. "पेटी नाय, मृदंग नाय. मी एकटो काय वाजवू?"

मला घाम फुटला. ते मात्र अगदी शांतपणे म्हणाले, कोणीतरी बोला, मग वाजवतो.

समितीतले एक वयस्कर गृहस्थ उठले. टेबलाच्या बाजूने पुढे आले, धोतराचा सोगा उचलल्याचा आव आणला (पँट घातली होती) आणि दरवाज्यापासून खुर्चीपर्यंत राक्षसासारखे आले. झांज उठली, चढली. त्यांनी मुद्दाम मध्येच पाऊल हवेत थांबवलं. बाबांची नजर त्यांच्या चपलेवर. झांज तिथेच दबून खदखदत राहिली. पाऊल खुर्चीवर पडलं आणि आवाज कापल्यासारखा बंद. ते गृहस्थ काही बोललेच नाहीत, बोलायला त्यांच्याकडे वाक्यच नव्हतं. सगळे हसले. एवढीच परीक्षा.

यादी लागली त्यात बाबांचं नाव होतं. कलाप्रकाराच्या जागी "दशावतार (झांज)". बाबांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि कंसातलं कोणी लिहिलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच अर्जात तसं लिहिलं होतं. आता दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तो चुकवला तर पैसे थांबतात, हे त्यांच्यापेक्षा आईच्या जास्त लक्षात आहे.

पहिले पैसे जमा झाल्याचा मेसेज पावसात आला. बाबांनी ते काढले नाहीत. चतुर्थी गेली, दिवाळी गेली, आई चिडली. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या जत्रेला मी बरोबर गेले तेव्हा ते बँकेतून 1800 रुपये काढून घेऊन निघाले होते. रंगपटाच्या मागे मालकांचा मुलगा पेटारा उघडत होता. बाबांनी नोटा त्याच्या पुढ्यात ठेवल्या. 2019 च्या पावसाळ्यातली उचल. मार्च 2020 मध्ये कोरोनाने हंगाम मध्येच बंद पडला आणि तेवढी फिटायची राहिली होती. झेरॉक्ससाठी पानं निवडताना ते पान मी पाहिलं होतं, पण त्यापुढे रिकामी जागा आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलगा नको नको म्हणाला, म्हाताऱ्या मालकांनी ते कधीच सोडून दिलंय म्हणाला.

"देणा आसा ता आसा. वही काढ."

वही काढली. त्याने लिहिलं: झांज, उचल जमा, 1800. बाबांनी सही केली, शाई सुकेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि माझ्याकडे वळले.

"हेचो पण झेराक्स घे. फायलीक लाव."