सांबरशिंगाची नक्कल आणि तिची स्वतंत्र कला

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यापासून मी घडीचे जुने चाकू जमवतो आहे, आणि त्यांतही जनावराच्या हाडावर खाचा कोरून घडवलेल्या मुठीचेच. इथले संग्राहक अशा मुठीला ‘जिग्ड बोन’ म्हणतात. चाकू म्हटला की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर खटक्याची रामपुरी येते. हे चाकू त्या जातीचे नव्हेत. त्यांना खटका नसतो आणि उघडलेले पाते अडकून बसत नाही. पाठीमागची कमान ते केवळ आपल्या ताणावर धरून ठेवते. शेतकऱ्याने दोरी कापावी, काठी तासावी, सफरचंद चिरावे आणि चाकू मिटून पुन्हा खिशात टाकावा, यासाठी ते घडवले गेले. पात्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला या चाकूंकडे ओढले ते मुठीने, आणि म्हणून हा लेखही मुठीपुरताच आहे.

या मुठीच्या कथेची सुरुवात आपल्या जंगलांत होते, हे मला बऱ्याच उशिरा समजले. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांना चाकूच्या मुठीसाठी भारतातल्या सांबराचे शिंग फार प्रिय होते. ताडोबात किंवा मेळघाटात ज्यांनी सांबर पाहिले आहे, त्यांना त्या शिंगाचा खरबरीत, उभ्या रेघांचा पृष्ठभाग आठवेल. वळूच्या शिंगासारखे ते आतून पोकळ नसते; ते हाडासारखे घट्ट असते, नर ते दरवर्षी गाळतो आणि त्याजागी नवे उगवते. त्याची मूठ ओल्या हातातूनही निसटत नाही. मात्र शिंग महाग होते आणि त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा असल्यामुळे कारखान्याच्या ठरावीक मापात बसवणे अवघड जाई. त्यामुळे कसायाकडे सहज मिळणारे गुराच्या नडगीचे हाड घ्यायचे, त्यावर खाचा पाडायच्या आणि ते तपकिरी रंगात बुडवून शिंगासारखे भासवायचे, ही युक्ती रूढ झाली. पुढे भारताने सांबरशिंगाच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामुळे अस्सल शिंगाची मूठ आणखी दुर्मीळ झाली. हाडाची मूठ मात्र तोपर्यंत नक्कल राहिलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या कारखान्यांनी त्या खाचांना इतकी वेगवेगळी वळणे दिली होती की आज जाणता माणूस चाकूवरचा शिक्का न वाचताही केवळ मुठीवरून कारखान्याचा अंदाज बांधू शकतो.

नडगीच का, याचे उत्तर हाडाच्या रचनेत आहे. गुराच्या पायाच्या या हाडाची भिंत जाड, घन आणि बऱ्यापैकी सरळ असते, त्यामुळे तिच्यातून सपाट पट्ट्या निघतात. हाड आधी उकळून त्यातली चरबी काढावी लागते. ती राहिली तर रंग सारखा चढत नाही आणि पुढे डाग उमटतात. नंतर पट्ट्या कापून घासल्या जातात आणि मग खाचा पाडण्याचे काम येते. पूर्वी हे गोल तोंडाच्या पटाशीने हातानेही केले जाई. यंत्रावर करताना फिरत्या कटरला पट्टी टेकवून तिला ठरावीक रीतीने हलवत न्यावे लागते. कटरचा आकार, त्याची खोली आणि पट्टी हलवण्याची लय या तिन्हींवर खाचांचे रूप ठरते. कोरून झाल्यावर पट्टी रंगवतात. हाड सगळीकडे सारखे सच्छिद्र नसल्यामुळे रंग कुठे खोल मुरतो, कुठे वरवर राहतो, आणि म्हणून एकाच पिंपातून निघालेल्या दोन पट्ट्याही तंतोतंत सारख्या दिसत नाहीत. शेवटी पितळी पत्र्यावर ती पट्टी बसवून दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हर या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूची टोपणे येतात, ज्यांना ‘बोल्स्टर’ म्हणतात, आणि मधोमध बहुधा कंपनीचे छोटे धातूचे चिन्ह जडवले जाते.

खाचांच्या शैलींपैकी दोन माझ्या विशेष आवडीच्या आहेत. कनेटिकट राज्यातल्या रॉकफॉल गावची रॉजर्स कंपनी स्वतः चाकू बनवत नसे. ती कोरलेल्या हाडाच्या पट्ट्या तयार करून अनेक चाकू-कारखान्यांना पुरवत असे. तिच्या खाचा आखूड, दाट आणि अनियमित असतात, आणि बोट फिरवले की प्रत्येक खाच स्वतंत्रपणे जाणवते. न्यू जर्सीतल्या एग हार्बरच्या विंटरबॉटम कंपनीची शैली अगदी निराळी आहे. तिच्यात लांब, समांतर, मधूनच तुटणाऱ्या रेघा असतात, आणि मूळच्या सांबरशिंगाच्या सर्वांत जवळ जाते ती हीच. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या क्वीन या चाकू-कंपनीने ती वर्षानुवर्षे वापरली आणि नंतर प्लास्टिकमध्येही तिची नक्कल केली. याशिवाय आळीने पोखरल्यासारख्या वळणाच्या खाचा आहेत, आणि पीचच्या कोयीसारख्या खडबडीत खाचाही आहेत. रेमिंग्टन ही बंदुकांची कंपनी १९२० ते १९४० या काळात घडीचे चाकू बनवत होती. तिच्या चाकूच्या क्रमांकातला शेवटचा आकडा ३ असेल तर मूठ हाडाची समजावी. मुठीवर काडतुसाच्या आकाराचे चिन्ह असलेले त्या कंपनीचे मोठे चाकू माझ्या आवाक्याबाहेर आहेत. प्रदर्शनात काचेपलीकडून मी ते मन भरून पाहतो.

माझ्या संग्रहातला सर्वांत जवळचा चाकू केस कंपनीचा ६३१८ आहे. केस ही पेनसिल्व्हेनियातल्याच ब्रॅडफर्ड गावची कंपनी, १९०५ पासून तिथे असलेली. तिचे क्रमांक वाचायला शिकले की अर्धी ओळख तिथेच पटते: पहिला ६ म्हणजे कोरलेले हाड, ३ म्हणजे तीन पाती, आणि १८ हा घडणीचा क्रमांक. तीन पात्यांपैकी लांब, टोकदार पाते रोजच्या कामाचे. सरळ धारेचे आणि बोथट टोकाचे दुसरे पाते दोरी, चामडे कापण्याचे. तिसरे पसरट पाते मुळात गुरांच्या खच्चीकरणासाठी. पात्याच्या मुळाशी ‘केस एक्सएक्स’ एवढाच शिक्का आहे, म्हणजे तो १९४० ते १९६४ या काळातला. १९६५ पासून शिक्क्यात ‘यूएसए’ आले, आणि १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके देऊन दरवर्षी एक ठिपका कमी करण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे त्यानंतरच्या चाकूचे वर्ष भिंगाखाली मोजता येते. माझ्या चाकूची मूठ खाचांच्या तळाशी जवळजवळ काळी आहे, खाचांमधल्या उंचवट्यांवर तांबूस, आणि जिथे कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षे टेकत आला तिथे मधासारखी पिवळट होऊन खाचाही बोथटल्या आहेत. उलट बाजू, जी खिशात मांडीकडे राहत असावी, ती बरीच गडद आहे. एक बाजू पाहून हा चाकू समजतच नाही. दोन्ही बाजू शेजारी धरल्या की तो कोणत्या हाताने वापरला गेला असेल याचाही अंदाज येतो.

याच कारणामुळे, कधीच न वापरलेल्या कोऱ्या चाकूंना बाजारात जी भरमसाट किंमत मिळते, ती मला पटत नाही. हाड हे वापराने खुलणारे द्रव्य आहे. कोऱ्या मुठीत कारखान्याचे काम दिसते, आणि वापरलेल्या मुठीत ते काम किती टिकले हेही दिसते. मात्र वापरलेला चाकू आणि ‘सुधारलेला’ चाकू यांत फरक केलाच पाहिजे. मूठ नव्याने रंगवलेली, पॉलिशच्या चाकावर घासून गुळगुळीत केलेली किंवा दुसऱ्या चाकूची पट्टी आणून बसवलेली असेल, तर तो चाकू मी घेत नाही.

नव्या संग्राहकाची फसगत बहुधा प्लास्टिकमुळे होते. ड्युपाँट कंपनीने १९६० मध्ये डेलरिन नावाचे प्लास्टिक बाजारात आणले आणि अनेक कारखान्यांनी हाडाऐवजी ते वापरायला सुरुवात केली, कारण ते साच्यात ओतता येते, तडकत नाही आणि प्रत्येक तुकडा सारखा निघतो. हा सारखेपणाच त्याला उघडा पाडतो: दोन्ही बाजूंच्या खाचा एकाच साच्यातल्या वाटतात. हाडाची खूण बोल्स्टरच्या कडेला, खाचा नसलेल्या भागात सापडते. तिथे भिंगातून पाहिले की बारीक टाचणीने टोचल्यासारखे ठिपके किंवा आखूड काळसर रेघा दिसतात. जिवंतपणी हाडाला रक्त पुरवणाऱ्या नलिकांच्या त्या वाटा आहेत. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, पण चाकूला कायमचा डाग पाडणारी परीक्षा कोणीही करू नये. दुसऱ्या महायुद्धात हाडाचा तुटवडा पडला तेव्हा केसनेही काळे, खडबडीत कृत्रिम द्रव्य वापरले होते. ते चाकू आज आपल्या जागी मोलाचे आहेत, फक्त ते हाडाचे म्हणून कोणी विकू नयेत.

आपल्या लोकांपैकी कोणी संग्रह पाहायला आले की हाड कोणत्या जनावराचे, हा प्रश्न हमखास येतो, आणि मी त्याचे उत्तर टाळत नाही. हे हाड गाईबैलांचे असते आणि मांसाच्या धंद्यातून उरलेले असते. ज्यांना ते हाताळणे रुचत नाही त्यांच्यासमोर मी लाकडी मुठीचे चाकू ठेवतो. केस कंपनीच्या हाडाचा मोठा स्रोत म्हणजे ब्राझीलमधली वशिंडाची झेबू गुरे, आणि ही गुरे मूळची भारतातली. तिथली प्रमुख नेलोर जात आंध्रच्या ओंगोल गुरांपासून आली, तर गीर सौराष्ट्रातून गेली. सांबराचे शिंग तर भारताचे होतेच. त्याची नक्कल ज्या हाडावर झाली त्याची वंशावळही आपल्याकडेच येऊन पोहोचते. ही माहिती ऐकून प्रत्येकाचे समाधान होते असे नाही, आणि तसे व्हावे अशी माझी अपेक्षाही नाही.

ही कला संपलेली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. क्वीन कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, पण त्याच टायटसव्हिलमध्ये २००६ साली सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कंपनी आजही जुन्या पद्धतीने, कार्बन पोलादाची पाती आणि कोरलेल्या हाडाच्या मुठी घेऊन चाकू घडवते. तिची प्रत्येक घडण मर्यादित संख्येत निघते आणि पाहता पाहता संपते. दुकानदाराकडे नाव नोंदवून थांबण्याची तयारी असेल तर मूळ किमतीत चाकू मिळतो, आणि ती नसेल तर दुसऱ्या हाताकडून घेताना बरेच जास्त मोजावे लागतात. मी थांबतो.

जपणुकीबद्दल थोडेसे. हाड कोरड्या हवेत आकसते आणि रिवेटच्या भोवती केसासारखी चीर पडते. इथल्या हिवाळ्यात घर सतत तापवलेले असते, तेव्हा हा धोका सर्वाधिक. मिनरल ऑइलचा एखादा थेंब बोटावर घेऊन मुठीवर चोळला आणि जास्तीचे तेल फडक्याने पुसून घेतले तर पुरते. चाकू चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नयेत, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला गंज चढवतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या मुठीचे चाकू संग्रहात असतील तर ते वेगळ्या कपाटात ठेवावेत. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो आणि शेजारच्या चाकूंची पाती त्याने खाल्ली जातात, मग त्यांच्या मुठी कितीही चांगल्या हाडाच्या असोत.