एका पोत्याचीही भरडाई: आमच्या गिरणीची वाटचाल

आजोबांनी मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे भाताची गिरणी घातली तेव्हा गावात वीज नव्हती. किर्लोस्करच्या डिझेल इंजिनावर हलर, म्हणजे भात भरडायचं यंत्र, चालायचा. सुगी आटोपली की बैलगाड्यांची रांग लागायची, आणि भरडाई बहुतेक जण तांदळातच चुकती करायचे. तूस-कोंडा गुरांना, कणी घरच्या घावनांना.

आजोबा पोत्यात हात घालून एक दाणा दाताखाली धरायचे. कट् वाजला तर माल आत, दबला तर पोतं पुन्हा उन्हात. आता आम्ही मीटर लावतो. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असला की भरडत नाही. वडील अजूनही आधी दाणा चावतात, आणि मीटर सहसा त्यांच्याच बाजूने बोलतो.

१९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी वाण दिला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर. उतारा चांगला, सुवासही आहे. शेतकऱ्यांनी तो उचलला हे योग्यच झालं. आंबेमोहोर मात्र बांधाकडेच्या एखाद्या खाचरापुरता उरला. मोठ्या मिल आल्या, जमिनी प्लॉटिंगला गेल्या आणि आमच्या गिरणीला कुलूप लागलं.

शेड भंगारात काढायचं ठरत होतं, ते मी होऊ दिलं नाही. कारण साधं आहे. मोठी मिल दोन-चार पोती वेगळी भरडून देत नाही. मग आंबेमोहोर लावणाऱ्याने आपला तांदूळ आपल्याच घरी न्यायचा कसा? मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आनंद आहेच, पण जवळ छोटी गिरणी नसेल तर हे वाण खाचरात टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आंबेमोहोराचा दाणा आखूड आणि नाजूक, हलरमध्ये फार तुटतो. म्हणून रबर शेलर बसवला: आधी नुसतं तूस निघतं, मग एकच हलका पॉलिश, म्हणजे कोंड्याचा थर थोडा राहतो. जुना हलर आणि इंजिन जागच्या जागी आहेत. खंडेनवमीला पूजा झाली की वडील हँडल मारतात आणि पट्टा चढवतात.

यंदाही एकच पोतं आणलंत तरी ते वेगळं भरडलं जाईल, दुसऱ्याच्या मालात मिसळणार नाही. कणी आणि कोंडाही तुमचाच.