शेजारच्या शेतातलं गाजर शाळेच्या ताटात का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते हे कळलं, की इथले मराठी पालक असोत वा गावाकडचे नातेवाईक, प्रश्न ठरलेला: "आजूबाजूला एवढी शेतं, मग मुलांना फ्रीझरमधलं का वाढता? इथला माल महाग पडतो का?"

थोडा पडतो, खोटं कशाला बोलू! इंग्लंडात २०१४ पासून पहिल्या तीन वर्गांना जेवण फुकट मिळू लागलं, तेव्हा सरकार ताटामागे २ पौंड ३० पेन्स देत होतं. त्यातच पगार, वीज, भाजी, सगळं आलं. पण भावापेक्षा मोठी अडचण ठेक्याची आहे. शाळेतली स्वयंपाकीण स्वतः बाजारहाट करत नाही. कौन्सिल (इथली स्थानिक स्वराज्य संस्था) किंवा केटरिंग कंपनी कितीतरी शाळांसाठी एकदम माल ठरवते: बटाट्यापासून मासळीपर्यंत, ठरल्या दिवशी, प्रत्येक शाळेच्या दारात. वर विमा आणि कागदपत्रं. थोडक्या जमिनीत कोबी आणि लीक (कांदापातीसारखी भाजी) लावणारा शेतकरी ते टेंडर भरणार कसा? त्याचा कोबी चाखून बघायची वेळच येत नाही.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण देणं बंधनकारक केलं होतं. १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने ते बंधन सैल केलं, पोषणाचे निकषही काढून टाकले. १९८८ च्या कायद्याने कौन्सिलांना केटरिंगची कामं टेंडरला काढायला लावली. कमी बोलीवाल्याला काम मिळणार म्हटल्यावर सोलण्या-चिरण्याचे तास आधी कापले गेले, मग काही ठिकाणी चुलीच विझल्या. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या नावाजलेल्या शेफने टीव्हीवर ज्या टर्की ट्विझलरवरून, म्हणजे टर्कीच्या मांसाच्या तयार पिळदार तुकड्यांवरून, रान उठवलं, तो याच वाटेने ताटात आला होता. आता निकष परत आले आहेत, तळलेलं आठवड्यातून दोनदाच. खरेदीची घडी मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच.

ती मोडता येते. स्कॉटलंडमधल्या ईस्ट एअरशर कौन्सिलने २००४ पासून ते करून दाखवलं. तेव्हा युरोपचे नियम होते, 'स्कॉटिश माल हवा' असं टेंडरमध्ये लिहिण्याची सोय नव्हती. मग त्यांनी ताजेपणा मागितला, हंगामी माल मागितला, एका ठेक्याचे नऊ तुकडे केले आणि बोली निवडतानाचे गुण अर्धे किमतीला, अर्धे दर्जाला ठेवले. भाजी सरळसोट असावी ही अटही ढिली केली. (वाकडं गाजर किसलं की सरळच होतं, हे कुठल्याही गृहिणीने सांगितलं असतं.) लहान पुरवठादारांना एकेक तुकडा झेपला. मला ही युक्ती फार आवडते. गावाचं नाव कुठेही न लिहिता माल गावचाच आला.

"आता ब्रेक्झिट झालं, लिहा की खुशाल 'ब्रिटिश'!" असंही ऐकवतात. पण मोठ्या ठेक्यांना जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदीचा करार लागू आहेच, आणि त्यात फक्त आपल्याच देशाचा माल मागता येत नाही. आणि खरं सांगू, पाकिटावरच्या झेंड्याने मला काही वाटत नाही. गोठवलेलं सॉसेजही ब्रिटिश असू शकतं.

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, २०२२ च्या उन्हाळ्यात झालेला प्रयोग मला जास्त पटतो. शेतकऱ्याने शाळाशाळांत फिरायचं नाही. शाळांना आधीपासून माल पोचवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडेच झुकिनी (काकडीसारखी दिसणारी फळभाजी) द्यायची. जवळपास टनभर झुकिनी सुट्टीतल्या उपक्रमांमधल्या मुलांच्या पोटात गेली. पुढे इतर भाज्या आल्या, वेल्समधल्या इतर भागांत योजना पोचली, आणि सेंद्रिय भाजीच्या भावातला फरक सरकारी मदतीतून भरून निघाला. व्हॅन तीच, चालक तोच, फक्त पेटीतला माल बदलला.

रुग्णालयांचं आणखी अवघड. बऱ्याच ठिकाणी जेवण दुसरीकडे शिजून, थंड होऊन येतं आणि वॉर्डाजवळ गरम होतं. तिथे ताजी भाजी पोचली तरी चिरणार कुठे?

सगळंच इथलं मिळेल असं मात्र मी कुणाला सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये हिवाळी भाज्या संपलेल्या असतात आणि नव्या अजून आलेल्या नसतात. फळांचा तर साधारण सहावा हिस्साच देशात पिकतो, आणि मुलांना केळं हवंच असतं. २०२४ च्या जाहीरनाम्यात लेबर पक्षाने सरकारी खरेदीतलं निम्मं अन्न स्थानिक किंवा पर्यावरणाच्या वरच्या निकषांचं असेल, असं लक्ष्य दिलं. दोन्हींतली एक अट पुरली तरी चालेल, त्यामुळे प्रमाणपत्र लावलेला परदेशी मालही त्या निम्म्यात बसू शकतो. म्हणून मी त्या आकड्यावर फारशी भिस्त ठेवत नाही.

तुमची मुलं इथल्या शाळेत असतील, तर मेनू असा का आहे हे आम्हाला विचारून उपयोग नाही. आम्ही आलेलं शिजवतो. कौन्सिलला किंवा कंपनीला पत्र टाका आणि दोनच गोष्टी विचारा: पुढचं टेंडर कधी निघणार, आणि किती तुकड्यांत निघणार.