नोंदवहीत नसलेला झरा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटातून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडे, प्राणी, पिके आणि पाणी यांची लोकांना विचारून लिहायची वही, बाहेर निघाली आणि कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या जंगलकाठच्या गावाचे वर्णन मी पहिल्यांदा सरकारी कागदावर वाचले. बांधणी नीटस होती, कन्नड मजकूर स्वच्छ छापलेला होता, शिक्के जागच्या जागी होते. मात्र पिकांच्या यादीत ज्वारीला दुसरे स्थान दिले होते, आणि जिथे जूनपासून चार महिने शिवार पाण्याने डबडबलेले असते त्या आमच्या गावात मी आजवर ज्वारीचे कणीस पाहिलेले नाही. इंटाण या भाताच्या जातीचे नाव त्यात नव्हते, भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे नव्हते, शिकेकाईचेही नव्हते. ज्या झऱ्यावर वरच्या वाडीतली सगळी घरे उन्हाळा काढतात त्याचा तर उल्लेखच नव्हता. पाण्याच्या रकान्यात ‘विहीर, बोअरवेल’ एवढे दोनच शब्द होते.

ही नोंदवही कुठल्यातरी दुसऱ्या तालुक्यातली उतरवून आणलेली असावी, हे उघड होते. असे का झाले असावे, हे समजून घेतल्याशिवाय कोणाला दोष देणे मला योग्य वाटले नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याच्या ४१व्या कलमाप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते, आणि स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून नोंदवही तयार करणे हे २००४ च्या नियमांनी त्या समितीचे मुख्य काम ठरवले. कित्येक वर्षे बहुतेक ठिकाणी हे काम कागदावरच राहिले. मग २०१९ मध्ये पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा दहा लाख रुपयांच्या दंडाचा इशारा दिला. लवादाचा हेतू चांगलाच होता, पण दंडाच्या धाकाने देशभर नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. ज्या कामासाठी म्हाताऱ्या माणसांजवळ वर्षभर बसायला हवे होते ते काही आठवड्यांत उरकले गेले.

पर्यावरणाच्या नियोजनात लोकांचा सहभाग हा शब्द आता प्रत्येक परिपत्रकात असतो. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ बहुतेक वेळा हजेरीपत्रकावरची सही एवढाच असतो. आराखडा आधी तयार होतो, नकाशा आधी आखला जातो, आणि मग लोकांना बोलावून ‘काही हरकत आहे का’ असे विचारले जाते. हरकत घेणारा माणूस तिथेच अडवणूक करणारा ठरतो, कारण त्याच्याकडे जे सांगण्यासारखे होते ते विचारण्याची वेळ निघून गेलेली असते. भागीदारी म्हणायची तर माणूस नकाशा आखण्याच्या वेळी हजर हवा.

म्हणून आम्ही समितीच्या सदस्यांनी वॉर्ड सभेत ठरवले की नोंदवही पुन्हा लिहायची, आणि ती गावात फिरून लिहायची. आमच्याकडे कायद्याने वॉर्ड सभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. त्या दिवशी गणपूर्तीपुरती वीस माणसे जमली होती, पण त्यांतल्या सहा बायका दुसऱ्या दिवशी सकाळी विळा-कोयता घेऊन आमच्याबरोबर रानात आल्या. त्यांत वरच्या वाडीतल्या एक आजी होत्या. झऱ्यापाशी पोहोचल्यावर त्यांनी आधी चपला काढल्या, मग पन्हळीत अडकलेला पाला हाताने बाजूला केला. खडकाच्या चिरेतून येणारे पाणी बांबूच्या चिरफळीवरून खाली पडत होते आणि दगडाखाली दोन खेकडे होते. आम्ही पाच लिटरचा कॅन लावून मोबाईलवर वेळ मोजली. तो भरायला बावन्न सेकंद लागले. आजी म्हणाल्या, ‘‘गुरुजी, मे महिन्यात हे पाणी करंगळीएवढं होतंय, पण मी लगीन करून आल्यापास्नं थांबल्यालं बघितलं न्हाई. वरचा माथा तेवढा खणू नका.’’

त्या शेवटच्या वाक्याने मी चमकलो, कारण ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वाडीकडे जाणारा नवा रस्ता होता आणि त्याची खोदाई नेमकी त्या माथ्यावरून दाखवलेली होती. रस्ता वाडीलाच हवा होता. आजींच्या नातवाला तापात झोळीत घालून खाली आणावे लागले होते, हे मला माहीत आहे. रस्ता नको असे कोणीच म्हणत नव्हते. झऱ्याची नोंद कुठेच नसल्यामुळे आखणी करणाऱ्याला तो दिसला नव्हता, एवढेच.

हे फक्त रानातल्या गावांचे दुखणे नाही. माझी धाकटी बहीण बेळगावात वडगावला दिली आहे आणि तिची जमीन बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शिवारात आहे. शहराचे सांडपाणी, गाळ आणि जलपर्णी यांनी तो नाला तुंबतो आणि दर पावसाळ्यात उगवून आलेले भात पाण्याखाली जाते. या शिवारातला बासमती आणि भातानंतरचा मसूर यांचे नाव अजूनही लोक आदराने घेतात. पाणी कोणत्या बांधापाशी उलटते, कोणत्या मोरीचे तोंड अपुरे आहे, हे तिथला प्रत्येक शेतकरी उभ्या उभ्या दाखवू शकतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर हे दाखवून घ्यायला सगळ्यांत आधी त्यांच्याकडे जायला हवे होते.

भाषेचा प्रश्नही इथे टाळता येत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण म्हादई आणि मलप्रभेच्या उगमाकडच्या वाड्यांतले म्हातारे लोक झाडाचे, माशाचे, मातीचे नाव मराठीतच सांगतात, आणि ते नाव जसेच्या तसे नोंदवहीत गेले नाही तर माहितीच हरवते. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेत जनसुनावणीचे इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगण्याची अट आहे. ही अट घालणाऱ्याला हे नेमके कळले होते. आमच्या पंचायत विकास अधिकारी (पीडीओ) साहेबांना मी हेच सांगितले, आणि ते कन्नड भाषक असूनही त्यांनी प्रत्येक नावापुढे मराठी नावाचा रकाना वाढवायला लगेच होकार दिला.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या, म्हणजे खाणकाम आणि मोठ्या बांधकामांवर बंधने येणाऱ्या पट्ट्याच्या, अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला तेव्हा हरकतींसाठी साठ दिवस मिळाले होते. आमच्याकडे त्याच्याविषयी जेवढी भीती पसरली तेवढी माहिती पसरली नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाटाविषयीच्या समितीने २०११ मध्येच ग्रामसभांचे म्हणणे घेऊन सीमा ठरवाव्यात असे सुचवले होते, आणि ते झाले असते तर आज निम्मा विरोध उरला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हादईच्या पाण्याच्या वाटपात २०१८ साली कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले, ते दशांशापर्यंत मोजले गेले. ज्या झऱ्यांनी ती नदी भरते त्यांतल्या किती झऱ्यांना साधे नाव तरी कोणी विचारले आहे?

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही नवी पाने वाचून दाखवली. रस्ता माथ्याच्या खालच्या अंगाने, सुमारे दीडशे मीटर वळवून न्यावा असा ठराव झाला, आजींनी त्यावर अंगठा उठवला आणि तो तालुका पंचायतीकडे गेला. अजून उत्तर आलेले नाही. येत्या मे महिन्यात आम्ही तोच पाच लिटरचा कॅन घेऊन पुन्हा वर जाणार आहोत. नोंदवहीत उन्हाळ्यातल्या मोजणीची ओळ तेवढी कोरी ठेवली आहे.