गोव्याला बोट लागली आणि आम्ही उतरलोच नाही

मुंबईहून क्रूझने गोव्याला जायचं आणि गोव्यात पाऊलच ठेवायचं नाही, असं म्हटल्यावर नवऱ्याने बुकिंगच्या वेळीच विचारलं होतं की मग एवढे पैसे घालायचे कशाला, रो-रोने मांडव्याला जाऊन येऊ. पण आमच्याकडे गोवा कोकणकन्येने झालाय, गाडीने झालाय, एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसने झालाय, मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं, कळंगुट, सगळं पाठ आहे. आणि या वेळी सोबत सासूबाई होत्या, त्यांचे गुडघे असे की दोन जिने उतरल्या की तिसऱ्याला बसून घेतात. म्हणून ठरलं असं की बापलेक उतरतील, मासे खाऊन येतील, आणि आम्ही दोघी दिवसभर बोटीवर. अख्ख्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात आवडलेला दिवस हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण जाणारे सगळे विचारतात ते गोव्यात काय बघायचं, बोटीवर थांबलो तर काय हे कोणी विचारतच नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बोट पणजीला लागत नाही. लागते मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोच्याही टोकाला. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर, कळंगुट त्याच्याही पुढे. हे कार्गो बंदर आहे त्यामुळे बोटीतून उतरून रमतगमत गेटबाहेर चालत जाता येत नाही, शटल बस असते, तिच्यासाठी रांग, मग गेटवर सीआयएसएफची तपासणी, मग टॅक्सी. ओला-उबर गोव्यात नाही हे लक्षात ठेवा, गोवा माइल्सचं ॲप आहे नाहीतर गेटवर उभे असलेल्यांशी घासाघीस. आता हिशोब करा. बोट सकाळी लागली आणि संध्याकाळी सुटणार असेल तर कागदावर आठ-नऊ तास दिसतात, त्यातला उतरण्यात तास जातो, कळंगुटला जायला-यायला तीनेक तास, आणि सुटायच्या तासभर आधी परत बोटीवर असावं लागतं. उरतं काय? बीचवर पाय ओले करून एक थाळी खाण्याएवढा वेळ. ज्यांनी गोवा कधीच पाहिला नाही त्यांनी जरूर उतरावं, त्यांना मी थांबा म्हणणार नाही. पण ज्यांचा झालाय त्यांनी टॅक्सीत बसून नवा झुआरी पूल बघण्यासाठी दिवस घालवू नये असं माझं स्पष्ट मत.

सकाळी लवकर उठा, हे मात्र सगळ्यांसाठी, उतरणाऱ्यांसाठीही. बोट आत शिरते तो तास चुकवू नका. मुरगावचं टोक दिसायला लागतं, समोर झुआरीचं रुंद मुख, पलीकडच्या काठावर काबोचं राज्यपालांचं निवासस्थान आणि दोनापावला. बोटीला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची छोटी लाँच येते, चालत्या बोटीच्या अंगाला दोरीची शिडी सोडतात आणि तो माणूस टुणकन त्यावर चढतो, बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. मग टगबोटी येऊन ढकलतात. हे सगळं बघायला वरच्या डेकची पाण्याकडची नको, धक्क्याकडची बाजू पकडा, दोर टाकून बोट बांधतात ते तिथूनच दिसतं. कोणती बाजू धक्क्याला लागणार हे रिसेप्शनवर आदल्या रात्री विचारलं तर सांगतात. बाल्कनीची केबिन असेल तर हे विचारून ठेवाच, कारण रात्रभर जिथे फक्त समुद्र होता तिथे सकाळी पडदा सरकवला की क्रेन आणि हेल्मेट घातलेली माणसं समोर उभी असतात. टॉवेल गुंडाळून बाहेर जाऊ नका एवढंच सांगते.

नाश्त्याला घाई करू नका. उतरणारे सगळे एकाच वेळी बुफेवर तुटून पडतात, लिफ्ट भरलेल्या, पोरं रडतायत, कोणाचं आधार कार्ड केबिनमध्ये राहिलंय, नुसता गोंधळ. आम्ही दोघी साडेनऊनंतर गेलो तर खिडकीजवळची टेबलं रिकामी, इडल्या गरम, आणि ऑम्लेटवाला स्वतःहून विचारतोय मिरची किती घालू. आदल्या दिवशी याच माणसाने मान वर करून बघितलं नव्हतं, बिचाऱ्याला फुरसतच नव्हती. फक्त संपायची वेळ आधी बघून ठेवा, बंदराच्या दिवशी बुफे लवकर आवरतात. दुपारीसुद्धा मोठी डायनिंग रूम बंद असू शकते, एकच बुफे चालू, त्यातही पदार्थ कमी. जैन किंवा उपासाचं वगैरे काही लागणार असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

चहा ओतणारा मुलगा गोव्याचा निघाला. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, त्यांनी त्याच्या बोलण्याचा हेल ऐकला आणि सरळ विचारलं, खयचो रे तू? तो म्हणाला मडगावचो. झालं, मग माझी कोणाला गरजच उरली नाही. त्याची आई गेटवर भेटायला येणार होती, तासाभराची सुट्टी मिळाली तर, नाही तर पुढच्या फेरीला. गोव्यात घराघरातून माणसं बोटीवर असतात, त्यांना तिथे तारवटी म्हणतात, पण स्वतःच्याच गावाला बोट लागलेली असताना लोकांच्या कपात चहा ओतत राहायचं हे मी कधी डोक्यातच आणलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला बजावून सांगितलं की आमचा चहा झाला, आता तू जा बाबा. तो हसला, ड्युटी काय अशी सुटते.

मग दिवसभर काय केलं. सकाळी स्विमिंग पूल. आदल्या दिवशी त्यात माणसं अशी दाटली होती की पाणी दिसत नव्हतं, आज चार टाळकी. बाजूच्या आरामखुर्च्या हव्या तितक्या. पण ऊन गोव्याचं आहे हे विसरू नका, बोट उभी असली की चालत्या बोटीचा वारा लागत नाही, अकरानंतर डेक इतका तापतो की अनवाणी चटके बसतात, चपला काठावरच ठेवा. बारा ते चार आत, संध्याकाळी परत बाहेर. डेकवर कपडे वाळत घालणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी, शेजारी कोळशाचे धक्के आहेत, वारा तिकडून असेल तर पांढऱ्या कपड्यांचं काही खरं नाही. रेलिंगवर हात टेकायच्या आधी त्यावर एकदा हाताचं बोट फिरवून बघा.

स्पावाले बंदराच्या दिवशी मोकळे असतात त्यामुळे ऑफर काढतात, लगेच हो म्हणू नका, दुपारपर्यंत थांबा, अजून खाली येतात. कसिनो आणि ड्युटी फ्री दुकानं बंदरात उभं असताना बंद असतात, तो नियमच आहे, त्यामुळे खरेदी आजच्या भरवशावर ठेवू नका. मोठे शो संध्याकाळपर्यंत नाहीत. मुलांचा क्लब चालू असतो पण वेळा कमी केलेल्या, सात-आठ वर्षांचं मूल घेऊन थांबणार असाल तर दुपारी ते कंटाळणार हे गृहीत धरा, पत्ते, पुस्तक काहीतरी जवळ हवं. दुपारी कॉफीच्या कोपऱ्यात आमच्यासारखे राहिलेले भेटतात, बहुतेक ज्येष्ठ, एक नाशिकचं जोडपं होतं, त्यांच्याबरोबर झब्बूचे डाव झाले.

साडेदहाच्या सुमारास अचानक भोंगे वाजायला लागले, सात लहान आणि एक लांब, सासूबाईंनी पटकन पर्स उचलली. घाबरू नका, बोट बंदरात असली की क्रूची ड्रिल घेतात, त्याआधी स्पीकरवर सांगतात की हा सराव आहे, पण हॉलमध्ये पंखा आणि गाणी चालू असली तर ऐकू येत नाही. शंका वाटली तर जवळच्या कर्मचाऱ्याला विचारा. बघायला मात्र छान असतं. लाइफबोट खाली पाण्यात सोडतात, तिचं इंजिन चालू करून एक चक्कर मारून आणतात. काल ज्याने आपली गादी घातली तो मुलगा आज नारिंगी जॅकेट घालून हुकूम सोडतोय. या वेळात काही डेक दोर लावून बंद करतात, वाद घालू नका, अर्ध्या तासात उघडतात. कधी तेल भरायला बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी, शेजारी लागते, तेव्हा उघड्या डेकवर सिगरेट ओढू देत नाहीत.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हा दिवस म्हणजे औषध आहे. आदल्या रात्री आमच्या मजल्यावर निम्मी माणसं आल्याचा तुकडा चघळत फिरत होती. बंदरात बोट हलतच नाही, पोट ताळ्यावर येतं, जेवण जातं. वॉमिटिंगची गोळी घेत असाल तर ती सकाळी नको, संध्याकाळी बोट सुटायच्या आधी घ्या.

दुपारचा बराच वेळ आम्ही पाण्याकडच्या बाजूला, सावलीत बसून काढला. सासूबाईंचं कोकणातल्या आगबोटीचं पुराण सुरू झालं. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं, मग पणजी. वेंगुर्ल्याला बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, खाली पडाव, म्हणजे लहान होडी, यायचा, लाटेने तो वर आला की खलाशी ओरडायचा, आता, आणि आई लेकरू त्याच्या हातात फेकायची, स्वतः मागून उडी. ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या सगळं त्यातच. हे सांगताना त्या वातानुकूलित लाउंजच्या काचेला टेकून बसल्या होत्या आणि हातात कोल्ड कॉफी. म्हणाल्या, तेव्हा डेकवर चटई टाकून झोपायचो, तिकीट पण डेकचंच.

समोरच्या पाण्याची अजून एक गोष्ट माहिती असेल तर बघायला मजा येते. १९४३च्या मार्चमध्ये याच बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज अडकून पडलेली होती, गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ, म्हणून इथे आश्रयाला. त्यातल्या एहरेनफेल्सवरून चोरून वायरलेस चालतो आणि जर्मन पाणबुड्यांना दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा पत्ता लागतो असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरात फौज पाठवता येईना, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीतले, वय झालेले, एरवी कंपनीत नोकऱ्या करणारे गोरे एका जुनाट बार्जमधून रात्री आत शिरले आणि एहरेनफेल्सवर चढले. चारही जहाजं त्या रात्री बुडाली, बरीचशी त्यांच्याच खलाशांनी बुडवली, ब्रिटिशांच्या हाती लागू नयेत म्हणून. नाशिकच्या काकांना हे सांगितलं तर ते रेलिंगवर वाकून पाण्यात बघायलाच लागले, जणू अजून तिथे काही दिसेल.

बघायला तसंही बरंच असतं. दाबोळीला उतरणारी विमानं डोक्यावरून जातात, तांबूस घारी पाण्यावर झेपा घेतात, नदीच्या मुखाशी डॉल्फिन दिसतात, लहान दुर्बीण असेल तर जरूर न्या.

अगदीच बसवत नसेल तर मधला मार्ग आहे, लांब न जाता वास्कोतच तास-दोन तास फिरून या. बाजारात काजू, कोकम घ्या, वर सडा भागात जपानी गार्डन आहे, तिथून समुद्र छान दिसतो, किंवा बोगमाळ्याचा बीच, तोही जवळ. दुपारी एकच्या आत परत. उतरताना बोटीचं कार्ड आणि ओरिजिनल आधार दोन्ही घ्या, फोनमधल्या फोटोवर गेटवाले अडू शकतात. आणि बाटल्या आणणार असाल तर बोटीचे सिक्युरिटीवाले त्या ठेवून घेतात, पावती देतात, शेवटच्या दिवशी परत मिळतात. आमच्या नवऱ्याने आणलेली फेणी तशीच जमा झाली, चेहरा बघण्यासारखा होता. बापलेक साडेतीनला आले, घामाघूम, टॅक्सीवाल्याच्या नावाने बोटं मोडत, थाळी मात्र झकास होती म्हणाले.

उतरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, बोटीच्या स्वतःच्या सहलीने गेलात आणि बस उशिरा आली तर बोट थांबते, आपल्या आपण गेलात तर थांबत नाही. त्या संध्याकाळी शेवटची टॅक्सी आली तेव्हा वरच्या डेकवरून आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि खाली एक कुटुंब पिशव्या सांभाळत धावत होतं.

फोनचं शेवटी सांगते कारण यात लोकांचे पैसे जातात. बंदरात आपलं नेहमीचं नेटवर्क मिळतं, त्यामुळे बोटीचं महागडं वायफाय त्या दिवसासाठी घेऊच नका, घरी व्हिडिओ कॉल, बँकेचं काम, मुलांचं डाउनलोड सगळं तेव्हाच उरका. बोट सुटली की फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर किनारा सुटल्यावर तो समुद्रातलं रोमिंग नेटवर्क पकडतो आणि बिल नंतर येतं. केबिनचं बिलही त्याच रात्री रिसेप्शनवर काढून घ्या, बंदराच्या दिवशी तिथे रांग नसते, शेवटच्या सकाळी तर सगळी बोट तिथे उभी असते. आमच्यात एक न मागितलेलं मॉकटेल निघालं, दोन मिनिटांत काढून दिलं.